फॉल्ट सापडत नाही, तरी फिडर अर्थ फॉल्टवर ट्रिप होतो: लाईन फिरण्याआधी न्यूट्रल मोजा

हरभऱ्याला पहिलं पाणी सुरू झालं की आमच्या टेस्टिंग विभागाच्या फोनवर एकाच प्रकारची तक्रार यायला लागते. "साहेब, शेतीचा फिडर उभाच राहीना. फ्लॅग दरवेळी अर्थ फॉल्टचा. दोनदा सगळी लाईन फिरलो, कुठं काही नाही. मेगर बी क्लिअर आलाय." फिडर म्हणजे सबस्टेशनमधून निघणारी ११ केव्हीची लाईन, अर्थ फॉल्ट म्हणजे तिचा करंट जमिनीत जाणं, फ्लॅग म्हणजे ब्रेकर कशामुळे पडला ते दाखवणारी रिलेवरची खूण, आणि मेगर म्हणजे इन्सुलेशन तपासायचं यंत्र. बोलणारा थकलेला असतो. तिकडे सबस्टेशनच्या गेटवर शेतकरी जमलेले असतात, त्यांची आठ तासांची पाळी वाया चाललेली असते, आणि लाईनमन दुसऱ्यांदा चौदा किलोमीटर तुडवून नुकतेच परत आलेले असतात.

परभणी, हिंगोली, बीड, जालना या जिल्ह्यांत मी बरीच वर्षं रिलेच्या (करंट मोजून ब्रेकर पाडणाऱ्या यंत्रांच्या) कामाने फिरतो आहे. हे लिहितोय ते ३३/११ केव्ही सबस्टेशनवर बसणाऱ्या ऑपरेटरांसाठी आणि नव्या कनिष्ठ अभियंत्यांसाठी. माझं म्हणणं एकच आहे. अर्थ फॉल्टचा फ्लॅग पडतोय आणि लाईनवर काही सापडत नाही, तर सेटिंग वाढवू नका. रिलेपर्यंत येणारा करंट खरा आहे का, ते आधी बघा. त्याला एक लीकेज क्लॅम्प (तारेभोवती लावून बारीक करंट मोजायचा चिमटा) आणि दहा मिनिटं लागतात.

रिलेला जमीन दिसत नाही

रिले लाईनकडे बघत नसतो. तीन फेजच्या तीन सीटी (लाईनचा मोठा करंट ठरावीक प्रमाणात लहान करून देणारे करंट ट्रान्सफॉर्मर) असतात, त्यांच्या दुय्यम बाजूच्या बारीक तारा पॅनेलमध्ये येतात. तिन्हींची एकेक टोकं एकत्र बांधून न्यूट्रल केलेला असतो आणि त्या न्यूट्रलच्या वाटेत अर्थ फॉल्टचा एलिमेंट, म्हणजे रिलेचा मोजणारा भाग, बसवलेला असतो. लाईन चांगली असली की तिन्ही फेजच्या करंटची बेरीज शून्य होते, न्यूट्रलमधून काही जात नाही. एखादी तार जमिनीला टेकली की तेवढा करंट जमिनीतून थेट पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलला परत जातो. सीटींच्या हिशोबात तो परत आलेला दिसत नाही. बेरीज चुकते आणि जेवढी तूट तेवढा करंट एलिमेंटमधून वाहतो. रिलेला कळते ती एवढीच तूट.

आता ही तूट दोन कारणांनी येऊ शकते. एक तर करंट खरंच जमिनीत गेला, किंवा मोजणाऱ्यातच खोट आहे. मोंढ्यात तीन काटे लावलेत आणि त्यातला एक निम्मंच वजन दाखवतोय, तर संध्याकाळच्या हिशोबाला माल चोरीला गेला असंच वाटणार. माल मात्र जागेवर असतो.

इथे एक गैरसमज फार आढळतो: "गावात सिंगल फेजचा लोड कमी-जास्त असतो, त्यामुळे न्यूट्रलला करंट येतो आणि रिले पडतो." आपल्या ११ केव्ही लाईनला न्यूट्रलची तारच नसते आणि डीपीच्या, म्हणजे वाटप ट्रान्सफॉर्मरच्या, ११ केव्ही बाजूची गुंडाळी डेल्टा, म्हणजे त्रिकोणी जोडणीची, असते. खाली ४१५ व्होल्टला लोड कितीही वाकडा असला तरी वर तिन्ही फेजची बेरीज शून्यच राहते. म्हणून चांगल्या फिडरवर, पूर्ण लोडला, सीटीच्या न्यूट्रलमध्ये जवळपास काहीच दिसता कामा नये. "थोडा तर असणारच" असं म्हणून सोडू नका.

एका फिडरची गोष्ट

परभणी जिल्ह्यातलं एक सबस्टेशन. शेतीच्या फिडरची सीटी २००/१ (लाईनला २०० अँपिअर तेव्हा रिलेला १), अर्थ फॉल्टचं प्लग सेटिंग, म्हणजे किती करंटला उचलायचं ते, २० टक्के, टाइम सेटिंग, म्हणजे किती उशिरा पाडायचं ते, ०.१. म्हणजे न्यूट्रलमध्ये ०.२ अँपिअर झाला की रिले उचलणार. लाईनच्या भाषेत तो ४० अँपिअर.

नोव्हेंबरपासून हा फिडर ट्रिप व्हायला लागला. झाडं तोडली, सात-आठ पिन इन्सुलेटर बदलले, जंपर आवळले. मधल्या एबी स्विचवर (पोलवरचा हाताने उघडायचा स्विच) लाईन दोन भागांत तोडून बघितली. पुढचा भाग बंद ठेवून जवळचा चार्ज केला, थांबला, म्हणजे ट्रिप न होता चालू राहिला. मग फॉल्ट पुढे आहे असं समजून पुढचा भाग तपासला. दुसऱ्या दिवशी जवळचे कटपॉईंट (लाईनचे सोडता येणारे जोड) सोडून फक्त पुढचा भाग घेतला, तर तोही थांबला. दोन्ही एकत्र केले की पुन्हा ट्रिप. लाईनमन चक्रावले. फॉल्ट कधी अलीकडे, कधी पलीकडे पळतोय असं त्यांना वाटायला लागलं.

डिसेंबरात कोणीतरी "तात्पुरतं" म्हणून अर्थ फॉल्टचा प्लग २० वरून ४० टक्क्यांवर नेला. ट्रिपिंग थांबलं. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि ते तात्पुरतं तसंच राहिलं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात ज्वारी काढलेल्या एका रानात तार तुटून खाली आली. कोरडी भेगाळलेली काळी माती, वर धसकटं, शेजारी कडब्याची गंजी. ब्रेकर पडलाच नाही. तार जमिनीवर ठिणग्या टाकत पडून राहिली, धसकटं पेटली, गंजी पेटली. शेतकऱ्याचा फोन आला तेव्हा ऑपरेटर ताईंनी हाताने ब्रेकर उघडला. माणसाला, जनावराला काही झालं नाही. गंजी मात्र सगळी गेली, आणि वर्षभराची वैरण गेली म्हणजे काय, हे मराठवाड्यात कोणाला सांगायला नको.

हिशोब करून बघा. ११ केव्ही लाईनवर फेज ते जमीन ६,३५० व्होल्ट. ४० अँपिअर वाहायला वाटेतला एकूण अडथळा १५९ ओहमच्या आत हवा. ८० अँपिअर वाहायला तो ७९ ओहमच्या आत यावा लागतो. पावसाळ्यातली ओली काळी माती करंट चांगला वाहू देते, पण उन्हाने तडकलेल्या रानात, धसकटांवर पडलेल्या तारेच्या टेकण्याचाच अडथळा कित्येक शे ओहम असू शकतो. तिथे २० टक्क्यांवरही रिले उचलेलच असं नाही. आणि आपण ते ४० केले होते.

त्यानंतर मला बोलावणं आलं.

लॉगशीटने काय सांगितलं

मी आधी लाईनकडे गेलोच नाही. ताईंना नोव्हेंबरच्या लॉगशीट मागितल्या. त्यांनी त्यांच्यासोबत एक शाळेची रेघी वहीही दिली. प्रत्येक ट्रिपची वेळ, कोणता फ्लॅग, आणि ब्रेकर पडण्याआधी अँपिअरच्या मीटरवर काटा कुठे होता ते त्यांनी लाल पेनाने लिहून ठेवलं होतं. कोणी सांगितलं नव्हतं. फ्लॅग रिसेट करण्याआधी लिहायचा, ही त्यांची स्वतःची सवय. त्या वहीतले आकडे: ९०, ९४, ८८, ९६, ९१. पानामागून पानं उलटली, ८० च्या खाली एकही ट्रिप नव्हती. परतीच्या पावसात विजा कडाडलेल्या ऑक्टोबरच्या रात्रींना एकही ट्रिप नव्हती. तेव्हा पंप बंद होते, लोड २५-३० च्या आसपास होता.

मी विचारलं, "ताई, चार्ज केल्यावर लगेच जातो म्हणता, लगेच म्हणजे किती?" त्या म्हणाल्या, "खुर्चीवरून उठून माठातलं पाणी घेईपर्यंत." म्हणजे अर्धा मिनिट. हे महत्त्वाचं. तार जमिनीला भक्कम टेकलेली असेल तर ब्रेकर घेताक्षणी पडतो, माठापर्यंत जाऊ देत नाही. अर्ध्या मिनिटात वाढतो तो लोड. विहिरी-बोअरवरच्या बहुतेक पंपांना ऑटो बसवलेला असतो आणि प्रत्येकाचा टायमर वेगळा असतो. लाईट आली की एकामागून एक मोटारी उचलतात. ५ एचपीचा एक पंप ११ केव्हीच्या बाजूला जेमतेम ०.३ अँपिअर घेतो, पण असे तीनशे पंप म्हणजे ९० अँपिअर.

आणि तो दोन भागांचा घोळ? जवळच्या भागाचा लोड ६२, पुढच्याचा ७४. वेगवेगळे दोन्ही ८० च्या खाली, एकत्र १३६. फॉल्ट पळत नव्हता, लोडची बेरीज होत होती. लाईनचा प्रत्येक भाग एकटा थांबतो आणि एकत्र केला की पडतो, असं दिसलं की लाईन फिरणं तिथेच थांबवा. खरा फॉल्ट कोणत्या ना कोणत्या भागात तरी राहतोच.

क्लॅम्प काय म्हणाला

रात्री फक्त जवळचा भाग घेऊन लोड ६० वर असताना पॅनेलच्या मागचं दार उघडलं. रिलेकडे जाणाऱ्या तारांना लीकेज क्लॅम्प लावला. वाय फेज ०.३०, बी फेज ०.३०, आर फेज ०.१५. न्यूट्रल ०.१५.

समोरच्या मीटरवर तिन्ही फेज अगदी सारख्या दिसत होत्या, म्हणून आजवर कोणाला संशय आला नव्हता. पण सीटीत मीटरची कोअर (गाभा आणि त्याची गुंडाळी) वेगळी आणि प्रोटेक्शनची, म्हणजे रिलेची, कोअर वेगळी. मीटर बरोबर आहे म्हणून रिलेलाही बरोबर मिळतंय, असं धरून चालता येत नाही.

आर फेजची सीटी कधी बदलली होती का, विचारलं. ऑगस्टमध्ये विजेने फुटली होती, तेव्हा नवी बसवली. नवी ४००-२००/१ अशी दुहेरी रेशोची होती. दुसऱ्या दिवशी परमिट घेतलं, ब्रेकर बाहेर काढला, आयसोलेटर उघडले, अर्थिंग केली आणि सीटीचा डबा उघडला. मीटरच्या कोअरची तार १एस२ वर होती, म्हणजे २०० वर, बरोबर. प्रोटेक्शनच्या कोअरची तार २एस३ वर होती. म्हणजे ४००. एक लग (तारेच्या टोकाची चकती) एका बोल्टाने पुढे लागला होता. ऑगस्टमध्ये पेरलेली चूक नोव्हेंबरमध्ये उगवली, कारण मधल्या काळात पंपच चालले नव्हते.

हिशोब आता सरळ आहे. दोन सीटी दर २०० ला १ देतात, तिसरी ४०० ला १. लोड ८० झाला की दोन फेज ०.४० दाखवतात, आर फेज ०.२० आणि न्यूट्रलमध्ये उरतो ०.२०. बरोबर सेटिंगएवढा. लोड १०० ला न्यूट्रल ०.२५, म्हणजे सेटिंगच्या सव्वापट. आयडीएमटी कर्व्हवर (करंट जितका जास्त तितका रिले लवकर पडतो, त्या आलेखावर) ०.१ च्या टाइम सेटिंगला तिथे साधारण ३ सेकंद लागतात. मोटारी उचलताना करंट क्षणभर २०० वर गेला तर अडीच पट, पाऊण सेकंद. प्लग ४० टक्के केल्यावर हीच हद्द १६० अँपिअरवर गेली आणि १३६ चा फिडर आरामात चालू राहिला. रोग तसाच राहिला होता. शिवाय आर फेजचा ओव्हरकरंटही याच सीटीवर होता. २०० अँपिअरला लावलेला एलिमेंट प्रत्यक्षात ४०० ला उचलला असता, याकडे तर कोणाचं लक्षच नव्हतं.

लग २एस२ वर घेतला. सोडलेला २एस३ तसाच मोकळा ठेवला. हे मुद्दाम सांगतो, कारण "सीटी उघडी ठेवायची नाही" एवढंच ऐकलेला माणूस मोकळा टॅपही शॉर्ट करून टाकतो. वापरात नसलेली पूर्ण कोअर शॉर्ट करायची. वापरातल्या कोअरचा जास्तीचा टॅप मात्र मोकळाच राहिला पाहिजे, नाहीतर तिचा रेशोच बिघडतो. मग प्रायमरी इंजेक्शनने आर फेजमधून १०० अँपिअर सोडले, रिलेला ०.५० मिळाले. प्लग परत २० टक्क्यांवर आणला. संध्याकाळी पूर्ण फिडर घेतला, लोड १३६, न्यूट्रलला क्लॅम्प ०.०१.

लोडलाच फॉल्ट समजण्याची चूक फक्त खेड्यातल्या फिडरवर होते असं नाही. ३० जुलै २०१२ ला उत्तर भारत अंधारात गेला त्याची सुरुवात बीना-ग्वाल्हेर ४०० केव्ही लाईन ट्रिप होण्याने झाली. त्या लाईनवर फॉल्ट नव्हता. जास्तीच्या लोडमुळे डिस्टन्स रिलेच्या (फॉल्ट किती लांब आहे ते बघणाऱ्या रिलेच्या) तिसऱ्या झोनला फॉल्ट असल्यासारखं दिसलं होतं. दुसऱ्या दिवशी, ३१ जुलैला, त्याच लाईनपासून पुन्हा सुरुवात झाली. तिथला रिले वेगळा आणि कारणही वेगळं, पण अशा वेळी विचारायचा प्रश्न तोच: रिलेला त्या क्षणी नेमकं काय दिसलं?

ट्रिपचा आकडाच दोष सांगतो

या प्रकरणानंतर मी एक हिशोब मनात पक्का ठेवला आहे. २००/१ सीटी आणि २० टक्के सेटिंग धरून सांगतो, तुमच्याकडचे आकडे त्याच पद्धतीने काढा.

ट्रिप कायम ८० अँपिअरच्या थोडं वर होत असेल तर एका सीटीचा रेशो दुप्पट लागलाय. कायम ४० च्या वर होत असेल तर एका फेजचा करंट रिलेपर्यंत पोहोचतच नाही. बहुतेक वेळा शॉर्टिंग लिंक (कामाच्या वेळी सीटीची टोकं जोडून ठेवणारी पट्टी) तशीच राहिलेली असते. २० च्या वर होत असेल तर एक सीटी उलटी जोडली आहे, एस१-एस२ ची अदलाबदल. उलट्या सीटीमुळे न्यूट्रलमध्ये फेज करंटच्या दुप्पट येतो, म्हणून हद्द इतकी खाली येते. सीटी बदलल्यावर किंवा पॅनेलचं वायरिंग हलवल्यावर हे दोष निघतात, म्हणून रजिस्टरमध्ये मागचे सहा महिने चाळा.

आकडा ठरावीक नसेल, कधी ५० ला, कधी ११० ला, तर एखादा टर्मिनल सैल आहे. ब्रेकर घेताना पॅनेल हादरतो तेव्हाच ट्रिप होत असेल तर संशय आणखी पक्का. टर्मिनल ब्लॉकवर काळपट डाग किंवा कुरकुर आवाज मिळाला तर तिकडे बोट नेऊ नका. चालू लाईनवर सीटीची दुय्यम बाजू तुटली की तिथे जीव घेण्याइतका व्होल्टेज तयार होतो. फिडर बंद करूनच आवळा. क्लॅम्पने मोजताना तार सोडावी लागत नाही, म्हणूनच मी क्लॅम्प सुचवतो. न्यूट्रलच्या तारेत मीटर घालायला म्हणून कोणी चालू फिडरवर स्क्रू सोडत असेल तर त्याला तिथेच थांबवा. आणि क्लॅम्प मिलिअँपिअर दाखवणारा हवा, लाईनचे शेकडो अँपिअर मोजणारा मोठा टाँग इथे काही सांगणार नाही. न्युमेरिकल, म्हणजे डिजिटल, रिले असेल तर पडद्यावर तिन्ही फेज आणि न्यूट्रलचा करंट आयताच दिसतो, दार उघडायचीही गरज नाही.

शेजारच्या फिडरवर फॉल्ट झाला की तुमचाही सोबत पडतो, अशी तक्रार असेल तर सीटीचा स्टार पॉईंट (तिन्ही टोकं एकत्र बांधलेली जागा) दोन ठिकाणी अर्थ झालाय का बघा. एक यार्डातल्या डब्यात, एक पॅनेलमध्ये. मोठ्या फॉल्टच्या वेळी यार्डाची जमीन आणि पॅनेलची जमीन यांच्यात व्होल्टेजचा फरक पडतो आणि त्या दोन अर्थमधून फिरणारा करंट एलिमेंटमधून जातो. अर्थ एकाच जागी हवा.

न्यूट्रल स्वच्छ निघाला तर

मग दोष खरोखर लाईनवर आहे, पायपीट करायलाच हवी. पण वेळ बघून करा. हिवाळ्यात पहाटे चार ते सात या वेळेतच जात असेल तर धुळीने माखलेल्या इन्सुलेटरवर दव बसतंय. वीटभट्टी, गुऱ्हाळ, खडी क्रशर यांच्या शेजारचे पोल आधी बघा. पहिल्या पावसात जात असेल तर विजेने तडा गेलेला पिन. वाऱ्यात जात असेल आणि फ्लॅग ओव्हरकरंटचा असेल, अर्थ फॉल्टचा नसेल, तर सैल स्पॅनमध्ये दोन तारा एकमेकींना लागतायत.

मेगर क्लिअर आला म्हणून इन्सुलेटर निर्दोष ठरत नाही. तुमचा मेगर ५ केव्हीचा, आणि ११ केव्ही लाईनवर फेज ते जमीन व्होल्टेज शिखराला जवळपास ९ केव्हीला जातो. केसाएवढी चीर कोरड्या दुपारी ५ केव्हीला गप्प बसते आणि रात्री ९ ला बोलते. अशा वेळी अंधार पडल्यावर, फिडर चालू असताना, पायवाटेने लांबून फिरा. ठिणगी दिसते, चर्र आवाज येतो.

घेताक्षणी पडतो, आणि न्यूट्रलही स्वच्छ

हा वेगळा प्रकार आहे आणि नव्या न्युमेरिकल रिलेंवर मला जास्त दिसतो. ब्रेकर घेतला की त्याच क्षणी अर्थ फॉल्टचा इन्स्टंटेनियस, म्हणजे वेळ न घेता पाडणारा एलिमेंट, पडतो. दोन-तीनदा घेतल्यावर कधीतरी थांबतो आणि मग दिवसभर बिनतक्रार चालतो.

लांब फिडरवर दीड-दोनशे डीपी असतात. बंद लाईन एकदम चार्ज केली की त्या सगळ्यांचा गाभा एकाच वेळी चुंबकीत होतो आणि क्षणभर मोठा, एकांगी करंट ओढतो. सायकलच्या एका बाजूला उंच शिखर, दुसऱ्या बाजूला जवळपास काही नाही. हा करंट तिन्ही फेजमध्ये सारखा नसतो, कारण ब्रेकर घेतला त्या क्षणी प्रत्येक फेज वेगळ्या जागी असते. अशा एकांगी करंटने सीटीचे गाभेही भरून जातात, पण तिन्ही सारखे भरत नाहीत. एक आधी दमते, दोन नंतर. जमिनीत एक अँपिअरही न जाता न्यूट्रलमध्ये तूट दिसते. लाईन घेताना दर वेळी क्षण वेगळा असतो, म्हणूनच कधी पडतो, कधी थांबतो.

ओळखायचं कसं? रिलेमधला डिस्टर्बन्स रेकॉर्ड (ट्रिपच्या क्षणीच्या करंटचा आलेख) काढा. एकाच बाजूला झुकलेली टोकदार शिखरं आणि दुसऱ्या हार्मोनिकचं (१०० हर्ट्झच्या करंटचं) मोठं प्रमाण दिसलं तर हेच कारण. ऑपरेटरच्या हातातला उपाय म्हणजे एबी स्विचवर लाईन तोडून भाग-भाग करून चार्ज करणं, तेही लाईनमनशी फोनवर बोलून. कायमचा उपाय टेस्टिंगचा आहे: इन्स्टंटेनियस एलिमेंटला थोडा वेळ देणं, किंवा रिलेत सोय असेल तर दुसऱ्या हार्मोनिकचं ब्लॉकिंग चालू करणं. पिकअप, म्हणजे रिले उचलतो तो आकडा, मात्र वाढवायचा नाही. कडब्याची गंजी लक्षात ठेवा.

आणि एक गोष्ट मनापासून सांगतो. अर्थ फॉल्टवर पडलेला फिडर "बघू थांबतो का" म्हणून तीन-तीनदा घेऊ नका. वर सांगितलेली कारणं कागदावर पक्की होईपर्यंत प्रत्येक अर्थ फॉल्ट ही कुठेतरी खाली पडलेली तारच समजा. दुसऱ्यांदा चार्ज करताना त्या रानात पाणी धरायला कोणीतरी अनवाणी उभा असू शकतो. आधी लाईनमनला फोन, गावातल्या दोघा-तिघांना फोन, मग ट्रायल.

टेस्टिंगला फोन कराल तेव्हा "फिडर थांबत नाही" एवढंच सांगू नका. फ्लॅग कोणता आणि तो रिसेट करण्याआधी लिहिलाय का, पडण्याआधी अँपिअर किती होते, घेतल्यापासून किती सेकंदांनी पडला, लाईनचे भाग वेगवेगळे थांबतात का, गेल्या सहा महिन्यांत सीटी, ब्रेकर किंवा पॅनेलच्या वायरिंगला कोणी हात लावलाय का, आणि आजचं प्लग सेटिंग मूळचंच आहे का. एवढं फोनवर मिळालं तर गाडीत प्रायमरी इंजेक्शन किट टाकायचं, नुसता क्लॅम्प घ्यायचा, की लाईनमनला कंदील देऊन पहाटे पोलवर पाठवायचं, हे आम्हाला निघण्याआधीच कळतं.